वैश्विक किरणांतले प्रतिकण: चिन्ह कसं ओळखतात, आणि उगम कुठे शोधतात?

वक्ररेघ (धागाकर्ता)

प्रतिकणांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास येतात: "अवकाशात पॉझिट्रॉन जास्त सापडले" आणि "म्हणजे डार्क मॅटर असेल". (प्रतिकण म्हणजे नेहमीच्या कणासारखाच, पण उलट भाराचा कण: इलेक्ट्रॉनचा पॉझिट्रॉन, प्रोटॉनचा प्रतिप्रोटॉन.) या दोन वाक्यांच्या मध्ये जे काम आहे त्यासाठी हा धागा. मोजमाप कसं होतं, कुठे फसतं आणि त्यातून उगमाबद्दल किती बोलता येतं, एवढंच इथे घेऊ. एकक जीईव्ही, म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट; हजार जीईव्ही म्हणजे एक टीईव्ही.

आधी उपग्रहच का, ते. अँडरसनला १९३२ साली पॉझिट्रॉन दिसला तो वैश्विक किरणांतच (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांत), पण तो इथेच, पृथ्वीवरच्या पदार्थात तयार झालेला होता. आपल्याला हवेत दूरून आलेले. वैश्विक किरण आकाशगंगेत लाखो वर्षं भटकतात, तरी वाटेत त्यांना लागणारा पदार्थ दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ५ ते १० ग्रॅम. संशोधनाचा फुगा ३५–४० किलोमीटरवर गेला तरी त्याच्या डोक्यावर ३ ते ५ ग्रॅम हवा उरतेच. म्हणजे अख्ख्या आकाशगंगेत जितके दुय्यम (वाटेतल्या धडकांतून होणारे) प्रतिकण तयार होतात त्याच्या तोडीचे त्या उरलेल्या हवेत तयार होतात, आणि ते वजा करावे लागतात. १९९४–९५ च्या हीट या फुगा-प्रयोगात पॉझिट्रॉन थोडे जास्त दिसले होते, पण त्यावर ठामपणे बोलता आलं नाही त्यात या वजाबाकीचा मोठा वाटा.

आता गर्दीचा हिशोब. १ जीईव्हीला एका पॉझिट्रॉनमागे सुमारे हजार प्रोटॉन, १०० जीईव्हीला सुमारे दहा हजार. दोघांचाही भार +१. प्रतिप्रोटॉनची गत अशी की उच्च ऊर्जेला पाच हजार प्रोटॉनांमागे एक. तिथे भार उलटा आहे खरा, पण एखाद्या प्रोटॉनचं चिन्ह चुकून उलटं वाचलं गेलं की तो थेट आपल्या नमुन्यात येऊन बसतो.

चिन्ह वाचायचं ते चुंबकात रेघ कुठे वाकली त्यावरून. मार्गाच्या मध्यावर कमान सरळ रेषेपासून किती फुगते ते असं काढा:

फुगवटा (मीटर) = ०.३ × क्षेत्र (टेस्ला) × लांबी (मीटर) चा वर्ग ÷ (८ × रिजिडिटी)

रिजिडिटी म्हणजे संवेग भागिले भार, गिगाव्होल्टमध्ये (जीव्ही). पामेला हे उपकरण रशियाच्या रेसुर्स-डीके१ उपग्रहावर १५ जून २००६ ला बैकोनूरहून गेलं. त्याचं क्षेत्र ०.४३ टेस्ला, चुंबकाची उंची ०.४४५ मीटर. आकडे घाला: १०० जीव्हीला फुगवटा ३२ मायक्रॉन, १००० जीव्हीला ३.२ मायक्रॉन. त्यातल्या सिलिकॉन पट्ट्यांची अचूकता सुमारे ३ मायक्रॉन. म्हणून १००० जीव्ही, म्हणजे १ टीव्हीच्या (टेराव्होल्टच्या) आसपास या उपकरणाचं वाचन संपतं. तिथून पुढे डावं-उजवं सांगणं म्हणजे छापा-काटा.

गणितवेडा

धागा आवडला. एक शंका. अवकाशस्थानकावरच्या एएमएस-०२ या शोधकाचं चुंबक ०.१४ टेस्लाचं, पामेलाच्या तिपटीने दुबळं. तरी ते २ टीव्हीपर्यंत चिन्ह सांगतं म्हणतात. ते कसं?

तिसरा_थर

तुमच्याच सूत्रात उत्तर आहे, लांबीचा वर्ग बघा. एएमएसच्या ट्रॅकरला (रेघ टिपणाऱ्या भागाला) नऊ थर. सात चुंबकाच्या आत-लगत, पहिला थेट उपकरणाच्या माथ्यावर आणि नववा तळाशी, कॅलोरीमीटरच्या (ऊर्जा मोजणाऱ्या भागाच्या) डोक्यावर. एक ते नऊ अंतर ३ मीटर. क्षेत्र बाहेर विरळ होतं हे खरं, पण चुंबकातून बाहेर पडलेल्या कणाची दिशा लांबवर जाऊन मोजली की छोटा कोनही मोठं अंतर होऊन दिसतो. म्हणून थरागणिक अचूकता १० मायक्रॉन असूनही भागतं.

मुळात तिथे दुसरंच चुंबक बसणार होतं: द्रव हीलियममध्ये थंड केलेलं अतिवाहक. पण हीलियम संपला की काम संपलं, जेमतेम तीनेक वर्षं. इकडे अवकाशस्थानकाचं आयुष्य वाढवायचं ठरलं, म्हणून २०१० मध्ये ते काढून निओडिमियम-लोह-बोरॉनचं कायम चुंबक बसवलं. हे १९९८ च्या एएमएस-०१ उड्डाणातलंच. बदली सोपी नव्हती. कमी वाकण भरून काढायला ट्रॅकरचे थर वर-खाली पसरवावे लागले, आणि ते तीन मीटर तिथून आले. चुंबकाचे ६४ खंड अशा दिशांनी रचलेत की बाहेरून पाहता ते चुंबक नसल्यासारखंच; नाहीतर पृथ्वीच्या क्षेत्राने अख्ख्या स्थानकाला पीळ दिला असता. आतलं क्षेत्र १ लाख २० हजार जागी मोजलं गेलं, आणि १९९७ च्या मोजणीशी एक टक्क्याच्या आत जुळलं. तापमानाची दुरुस्ती दर अंशाला उणे ०.०९ टक्के.

या रचनेची किंमत मात्र आहे. बाहेरचे दोन थर उन्हा-सावलीत हलतात, आणि ९० मिनिटांच्या फेरीत ऊन-सावली चालूच. उपाय असा की वैश्विक किरणांच्याच रेघा वापरून दर दोन मिनिटांच्या खिडकीत त्या थरांची जागा पुन्हा ठरवायची. त्यातून पहिला थर ५ आणि नववा ६ मायक्रॉनपर्यंत पक्का होतो.

चिन्ह चुकण्याची कारणं तीन, आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नये:

एक, निव्वळ अचूकतेची मर्यादा. रिजिडिटी वाढेल तशी ही वाढते आणि सिम्युलेशनमध्ये नीट उतरते.
दोन, कण वाटेत एखाद्या अणुकेंद्राला धडकून मोठ्या कोनात वळतो. ऊर्जा कमी असली तरी हे होतं. रेघ अर्धी-अर्धी करून दोन्ही अर्ध्यांची रिजिडिटी ताडून पाहिली की बरेच पकडले जातात.
तीन, सोबतीला दुय्यम कण निघून त्याचे ठसे खऱ्या रेघेत गुंफले जातात. आसपास जादा ठसे असलेल्या घटना गाळल्या की हे कमी होतं, पण गाळणी फार बारीक केली तर खरे पॉझिट्रॉनही जातात.

झेनॉनकाकू

चिन्हावर बरंच झालं, आता तोतयांवर येऊ. पॉझिट्रॉनच्या बाबतीत चिन्ह अचूक वाचूनही फसायला होतं, कारण प्रोटॉनही धन भाराचाच.

कॅलोरीमीटरचं काम इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनचा वर्षाव ओळखणं. जड धातूत शिरताच ते फोटॉन टाकतात, फोटॉन जोड्या टाकतात, आणि असं वाढत जातं. हे गणित होमी भाभा आणि हायटलर यांनी १९३७ मध्ये मांडलं. आजही कॅलोरीमीटर किती जाड हवा ते याच हिशोबातून निघतं. पामेलात टंगस्टनच्या २२ पाट्या आणि सिलिकॉनचे ४४ थर, एकूण १६.३ रेडिएशन लेंग्थ (इलेक्ट्रॉनचा वर्षाव किती जाडीत वाढतो त्याचं माप). तेवढ्याच जाडीत प्रोटॉनसाठी मात्र ०.६ आंतरक्रिया-लांबी (प्रोटॉन सरासरी किती जाडीत धडकतो त्याचं माप). म्हणजे ५५ टक्के प्रोटॉन वर्षाव न करता सरळ पार जातात, ते सहज वगळता येतात. उरलेल्या ४५ टक्क्यांत गोम आहे.

त्यातला एखादा प्रोटॉन पहिल्या एक-दोन पाट्यांतच धडकतो आणि आपली बहुतेक ऊर्जा एका उदासीन पायॉनला (धडकेत होणाऱ्या अल्पायुषी कणाला) देतो. तो पायॉन क्षणात दोन फोटॉन होतो, आणि पुढचा वर्षाव हुबेहूब पॉझिट्रॉनचा. आकार बघून तो ओळखता येत नाही. मग तीन गोष्टी बघतात:

कॅलोरीमीटरची ऊर्जा भागिले ट्रॅकरचा संवेग. पॉझिट्रॉनला हे सुमारे १, प्रोटॉनला सहसा कमी, कारण काही ऊर्जा निसटते. उलट खरा पॉझिट्रॉन ट्रॅकरच्या आधी फोटॉन टाकून बसला तर गुणोत्तर १ च्या वर जातं. वरची मर्यादा घट्ट लावली की असे खरे कण हकनाक बाद होतात.

न्यूट्रॉन. प्रोटॉनच्या वर्षावात ते जास्त निघतात. पामेलाच्या तळाशी हीलियम-३ च्या ३६ नळ्या त्यासाठीच होत्या.

आणि संक्रमण-प्रारण, माझा लाडका भाग. पदार्थाची सीमा ओलांडताना अतिवेगवान कण क्ष-किरण टाकतो, पण त्याचा लॉरेंट्झ गुणक (ऊर्जा भागिले स्थिर वस्तुमानाची ऊर्जा) हजाराच्या आसपास हवा. इलेक्ट्रॉन अर्ध्या जीईव्हीतच तिथे पोचतो, प्रोटॉनला जवळपास १००० जीईव्ही लागतात. एएमएसमध्ये वीस थर आहेत: लोकरीसारख्या तंतूंचा २० मिलिमीटर थर, त्याखाली ६ मिलिमीटर व्यासाच्या नळ्या. एकूण नळ्या ५२४८. आत झेनॉन ९० टक्के, कार्बन डायऑक्साइड १० टक्के. झेनॉन जड आहे, क्ष-किरण गिळतो. साठा ४९ किलो झेनॉन आणि ५ किलो कार्बन डायऑक्साइडचा. गळतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, सेकंदाला काही मायक्रोग्रॅम. मिश्रण बदललं की नळीतला सिग्नल किती वाढतो तेही बदलतं, म्हणून मोजपट्टी सतत नव्याने लावावी लागते.

पामेलात हा शोधक नव्हता. म्हणून पॉझिट्रॉनचं प्रमाण वाढतं या तिच्या २००९ च्या निकालावर "हे प्रोटॉनच तर नाहीत ना?" हा प्रश्न काही वर्षं विचारला गेला, आणि तो रास्त होता.

गणितवेडा

काकू, पण गाळूनही थोडे प्रोटॉन उरणारच. ते किती उरले हे कळतं कसं?

झेनॉनकाकू

गाळून संपवत नाहीत, मोजून वजा करतात. एएमएसची पद्धत: आधी कॅलोरीमीटरच्या आकाराची आणि ऊर्जा-संवेग जुळण्याची अट लावायची. मग जे धन भाराचे कण उरले त्यांचा संक्रमण-प्रारणाचा आलेख काढायचा. त्यात दोन टेकड्या दिसतात, एक पॉझिट्रॉनची, एक प्रोटॉनची. टेकडीचा आकार सिम्युलेशनमधून आणत नाहीत. ऋण भाराच्या नमुन्यात जवळपास सगळे इलेक्ट्रॉन असतात. त्यांचा आकार म्हणजेच पॉझिट्रॉनचा आकार. प्रोटॉनचा आकार कॅलोरीमीटरने ठामपणे प्रोटॉन ठरवलेल्या घटनांतून. दोन्ही बसवून प्रत्येकी किती ते काढायचं. कॅलोरीमीटर आणि संक्रमण-प्रारण एकमेकांवर अवलंबून नाहीत, मध्ये चुंबक आहे, ही या मांडणीची खरी ताकद. दोन्ही मिळून प्रोटॉन दहा लाखांत एकाच्याही खाली येतात.

काही शे जीईव्हीच्या पुढे प्रोटॉनही थोडं प्रारण टाकू लागतो आणि टेकड्या जवळ सरकतात. शेवटच्या काही बिंदूंच्या लांब त्रुटीरेषा बऱ्याच अंशी त्यामुळे आहेत.

उलटपावली

एक मुद्दा राहिला: पृथ्वीचं चुंबक. हे विसरून पॉझिट्रॉन मोजले तर कमी ऊर्जेला भलतंच उत्तर येईल, कारण वातावरणातून वर उडालेले दुय्यम कण क्षेत्ररेषांवर वळून पुन्हा खाली येतात आणि उपकरणात शिरतात.

उभ्या दिशेने येणाऱ्या कणासाठी किमान रिजिडिटी ढोबळमानाने १४.९ × (भूचुंबकीय अक्षांशाच्या कोसाइनचा चौथा घात) जीव्ही, हे जमिनीलगत. खऱ्या क्षेत्रात जागेप्रमाणे फरक पडतो. हैदराबादच्या आसपास, जिथून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे उडतात, हा आकडा १७ जीव्हीच्या घरात. म्हणजे आपल्याकडून कितीही चांगलं उपकरण वर पाठवलं तरी १७ च्या खालचा बाहेरचा कण उभ्या दिशेने येणारच नाही. उटीचा ग्रेप्स-३ हा जमिनीवरचा प्रयोगही याच पट्ट्यात. तो हवेतल्या वर्षावांवर आणि म्यूऑनवर उत्तम काम करतो, पण मूळ कण होता की प्रतिकण हे सांगणं त्याचं काम नाही.

स्थानकाची कक्षा ५१.६ अंशांची. पामेलाची ७० अंशांची, ध्रुवाकडे जास्त जाणारी, म्हणून तिला ६० एमईव्हीचे (०.०६ जीईव्ही) प्रतिप्रोटॉनही मोजता आले. एएमएस प्रत्येक घटनेसाठी त्या जागेचा, त्या दृष्टिक्षेत्रातला सर्वांत मोठा उंबरठा (ती किमान रिजिडिटी) काढतं आणि त्याच्या १.२ पट वरचेच कण घेतं. मोजणीचा वेळही मग प्रत्येक रिजिडिटीसाठी वेगळा: १ जीव्हीचा वेळ फक्त उंच अक्षांशांवरचा, ५० जीव्हीचा जवळजवळ सगळा. वेळ सगळीकडे सारखा धरला तर कमी ऊर्जेचा प्रवाह कितीतरी पट कमी निघेल. नवशिक्या विश्लेषणात ही चूक ठरलेली.

याच क्षेत्राचा उलटा फायदा फर्मी या गॅमा-किरण उपग्रहाने घेतला. त्या उपग्रहावर चुंबक नाहीच. पण धन कण पश्चिमेकडून सुलभ येतात, ऋण पूर्वेकडून. क्षितिजाजवळ असे पट्टे आहेत जिथून एकाच चिन्हाचा कण येऊ शकतो; दुसऱ्या चिन्हाचा मार्ग मागे नेला तर जमिनीत घुसतो. ते पट्टे मोजून २०१२ मध्ये २० ते २०० जीईव्हीमध्ये पॉझिट्रॉनचं प्रमाण वाढतं हे फर्मीने स्वतंत्रपणे दाखवलं. पद्धत पूर्ण वेगळी, निकाल तोच. पामेलावरची शंका खरी विरली ती इथे.

जाता जाता: दक्षिण अटलांटिकवरच्या किरणोत्सारी पट्ट्यात पामेलाला २८ प्रतिप्रोटॉन अडकलेले सापडले (२०११). ते तिथलेच, प्रतिन्यूट्रॉनच्या क्षयातून झालेले. आकाशगंगेशी संबंध नाही, तरी पृथ्वीभोवती प्रतिप्रोटॉनांचा पट्टा आहे ही गोष्ट मला भारी वाटते.

पाचवी_खूण

दांपे आणि कॅलेट कुठे बसतात यात? त्यांचे आलेख तर टीईव्हीच्या पलीकडे जातात.

तिसरा_थर

चिन्हाशिवाय. चीनचं दांपे (डिसेंबर २०१५) आणि जपानच्या किबो विभागावरचं कॅलेट (ऑगस्ट २०१५) हे जाड कॅलोरीमीटर आहेत, ३२ आणि ३० रेडिएशन लेंग्थ. चुंबक नाही, म्हणून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची बेरीजच मिळते. दांपेला ०.९ टीईव्हीजवळ त्या बेरजेत उतार तीव्र झालेला दिसला. पण उगमाच्या वादात बेरीज दुय्यम पुरावा: त्यात मोठा वाटा साध्या इलेक्ट्रॉनांचा.

वक्ररेघ

आता उगमाकडे. अपेक्षा काय होती ते आधी. प्रोटॉन तारकांमधल्या वायूवर आदळतो, धन पायॉन होतो, तो म्यूऑन, तो पॉझिट्रॉन. असे दुय्यम पॉझिट्रॉन ऊर्जेबरोबर इलेक्ट्रॉनच्या मानाने कमी होत जायला हवेत. पामेलाने २००९ मध्ये दाखवलं की १० जीईव्हीच्या वर प्रमाण वाढतं. एएमएसने २०१३ मध्ये ३५० जीईव्हीपर्यंत तेच दाखवलं, आणि २०१९ मध्ये १९ लाख पॉझिट्रॉनांवरून प्रवाहाचं चित्र दिलं: सुमारे २५ जीईव्हीपासून जादा भर, २८४ जीईव्हीच्या आसपास उतरंड, आणि जादा स्रोताची छेद-ऊर्जा (जिच्या आसपास तो स्रोत आटतो) ८१० जीईव्ही, अधिक ३१० उणे १८०.

हा स्रोत किती लांब असू शकतो? पॉझिट्रॉन चुंबकीय क्षेत्रात आणि प्रकाशाशी धडकून ऊर्जा गमावतो. दर ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात, गुणक सुमारे १० चा उणे १६ वा घात, प्रति जीईव्ही प्रति सेकंद. १००० जीईव्हीचा पॉझिट्रॉन टिकतो सुमारे १० चा १३ वा घात सेकंद, म्हणजे तीन लाख वर्षं. त्यात विसरणाने (आडव्यातिडव्या भटकंतीने) तो फारतर हजार पार्सेकच्या आसपास सरकतो (पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षं). म्हणजे स्रोत शेजारचाच, आकाशगंगेच्या केंद्रातला नव्हे.

जेमिंगा हा पल्सार (वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा) २५० पार्सेकवर, वय ३ लाख ४२ हजार वर्षं. तेवढ्या वयाला तोच गुणक लावला तर जन्मवेळी सुटलेला पॉझिट्रॉन आज जास्तीत जास्त ९०० जीईव्हीच्या आसपास उरतो. ८१० शेजारी ठेवून बघा. हिशोब ढोबळ आहे, पण हाताने करता येतो म्हणून दिला.

उलटपावली

जुळणी मोहक आहे, तरी सावध. गुणकात पन्नास टक्के फरक सहज पडतो, आणि सगळे पॉझिट्रॉन जन्मवेळीच सुटले हे गृहीतकही मोठं. २०१७ मध्ये मेक्सिकोतल्या हॉक वेधशाळेने जेमिंगा आणि मोनोजेम या दोन्ही पल्सारांभोवती टीईव्ही गॅमा किरणांचं वलय दाखवलं. म्हणजे पल्सार उच्च ऊर्जेचे इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन देतात हे नक्की. पण वलय इतकं आटोपशीर की तिथलं विसरण सर्वसाधारण मूल्याच्या सुमारे शंभरपट मंद निघालं. अख्ख्या वाटेवर ते इतकं मंद असेल तर जेमिंगाचे पॉझिट्रॉन आपल्यापर्यंत पुरेसे पोचत नाहीत. मंद टापू फक्त पल्सारभोवती आणि बाहेर नेहमीचा वेग असं धरलं तर पोचतात. वाद तिथे अडलाय.

पाचवी_खूण

मग दिशा बघा ना. पल्सार असेल तर त्या बाजूने जास्त येतील.

उलटपावली

मागे नेम धरता येत नाही. १ टीव्हीचा कण तारकांमधल्या ३ मायक्रोगॉस क्षेत्रात ज्या वर्तुळात फिरतो त्याची त्रिज्या सूर्य-पृथ्वी अंतराच्या ७५ पट. २५० पार्सेकच्या वाटेत ती म्हणजे शून्य. उरते फक्त एका बाजूला किंचित कल, विसरणामुळे. एएमएसची मर्यादा १६ जीईव्हीच्या वर १.९ टक्के, पल्सारचे बहुतेक अंदाज त्याच्या खालीच आहेत. म्हणजे कल न दिसल्याने पल्सार बाद होत नाही आणि सिद्धही होत नाही.

वक्ररेघ

डार्क मॅटरची बाजूही मांडतो, कारण तिला उगाच हसण्यात अर्थ नाही. कणजोड्या एकमेकांत नष्ट होऊन पॉझिट्रॉन दिले तर वस्तुमानाजवळ प्रवाह तुटतो, तशी तूट दिसतेही. अडचणी दोन. लागणारा नष्ट होण्याचा दर विश्वारंभाच्या हिशोबातल्या दराच्या शेकडो पट. इतक्या दराने सुरुवातीच्या विश्वात ऊर्जा ओतली गेली असती तर सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीवर (विश्वारंभापासून उरलेल्या प्रारणावर) ठसा उमटला असता, आणि प्लांक उपग्रहाला तो दिसला नाही. दुसरं, क्वार्कमार्गे नष्ट झाले तर प्रतिप्रोटॉनही ढीगभर हवेत. ते टाळायला "हे डार्क मॅटर फक्त लेप्टॉनच (इलेक्ट्रॉन, म्यूऑनसारखे कण) देतं" असं मानावं लागतं. माझ्या मते पॉझिट्रॉनच्या बाबतीत पल्सार पुढे आहेत; प्रतिप्रोटॉनचं कोडं मात्र खुलं आहे.

झेनॉनकाकू

खुलं म्हणजे किती ते सांगते. एएमएसने २०१६ मध्ये साडेतीन लाखांच्या आसपास प्रतिप्रोटॉन मोजून दाखवलं की ६० ते ५०० जीव्हीमध्ये प्रतिप्रोटॉन-प्रोटॉन गुणोत्तर जवळपास सपाट आहे. त्याच पट्ट्यात पॉझिट्रॉनचा उतारही प्रोटॉनसारखाच. पल्सार प्रतिप्रोटॉन देत नाहीत, आणि प्रतिप्रोटॉन पॉझिट्रॉनसारखी ऊर्जाही गमावत नाहीत. मग दोघांचा उतार सारखा, हा योगायोग?

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेल्या रामनाथ कौसिक यांनी वेगळा सूर लावला: किरण उगमाभोवतीच्या कोशात आधी काही पदार्थ ओलांडतात, मग बाहेर पडतात. १९७३ मधली ही एकात-एक गळक्या डब्यांची कल्पना. तसं असेल तर पॉझिट्रॉनही दुय्यमच, जादा स्रोत नकोच. त्यासाठी पॉझिट्रॉनचा आकाशगंगेतला मुक्काम कमी धरावा लागतो, आणि बेरिलियम-१० चं घड्याळ (किरण किती काळ भटकले ते सांगणारा किरणोत्सारी अणू) तिकडे अडसर घालतं. बहुमत विरुद्ध आहे, पण "सारखा उतार" सहज समजावणारी मांडणी म्हणून ती वाचावी.

प्रतिप्रोटॉनमधली १०–२० जीव्हीजवळची छोटी जादा भर २०१७ नंतर गाजली. तिथे खरा घोळ प्रयोगशाळेतला होता: प्रोटॉन हीलियमवर आदळल्यावर किती प्रतिप्रोटॉन होतात हेच नीट मोजलेलं नव्हतं. सर्नच्या एलएचसीबीने नळीत हीलियम सोडून ते मोजलं. आणि एएमएसच्या शेजारच्या बिंदूंच्या त्रुटी परस्परांशी बांधलेल्या आहेत हे धरलं की त्या भरीचं वजन बरंच उतरतं.

पाचवी_खूण

प्रतिहीलियमबद्दल कुणी बोलत नाही?

तिसरा_थर

बोलावं इतकं छापून आलेलं नाही. एएमएसच्या व्याख्यानांत मोजक्या घटना दाखवल्या गेल्या, प्रमाण दहा कोटी हीलियममागे एकाच्या आसपास. त्या प्रमाणाला चिन्ह चुकण्याची शक्यता सिम्युलेशनने दाखवायची तर कित्येक अब्ज घटना बनवाव्या लागतात, आणि मोठ्या कोनातल्या धडकेचं शेपूट नेमकं उतरलंय का हा प्रश्न तरी उरतोच. प्रतिड्यूटेरॉन (प्रतिप्रोटॉन आणि प्रतिन्यूट्रॉनची जोडी) जास्त स्वच्छ शोध: तो बनवायला प्रोटॉनला सुमारे १६ जीईव्ही लागतात, म्हणून दुय्यम प्रतिड्यूटेरॉन संथ नसतातच. एक जीईव्हीच्या खाली एखादा सापडला तर त्याला साधं स्पष्टीकरण जवळपास नाही.

गणितवेडा

२०१९ चं सूत्र स्वतः काढून पाहायचंय. आकडे कुणी देईल का? मी काढलेला वक्र पाच जीईव्हीनंतर सपशेल पडतोय.

वक्ररेघ

हे घ्या. आधी प्रत्येक ऊर्जेत १.१० जीईव्ही मिळवा, ही सूर्याच्या परिणामाची दुरुस्ती. तिला "बाहेरची ऊर्जा" म्हणू.

विसरित भाग (दुय्यम पॉझिट्रॉन): ०.०६५१ × (बाहेरची ऊर्जा ÷ ७) चा उणे ४.०७ वा घात.
स्रोत भाग: ०.००००६८ × (बाहेरची ऊर्जा ÷ ६०) चा उणे २.५८ वा घात × घातांकी छेद.
दोन्हींची बेरीज × (मोजलेली ÷ बाहेरची ऊर्जा) चा वर्ग. एकक: प्रति चौरस मीटर, सेकंद, स्टेरेडियन, जीईव्ही.

मग ऊर्जेच्या घनाने गुणून आलेख काढा. पडताळा: १० जीईव्हीला सुमारे १२.३, ६० ला १४.५, २८४ ला २०. हे जुळलं की पुढे जा. ६० जीईव्हीला विसरित भाग जेमतेम १४ टक्के उरतो, हेही त्यातच दिसेल.

मोजलेले बिंदू त्याच आलेखावर टाकताना दोन खबरदाऱ्या. बिंदू पट्ट्याच्या गणिती मध्यावर ठेवू नका. प्रवाह इतका उतरता आहे की प्रातिनिधिक ऊर्जा मध्याच्या डावीकडे असते. आणि प्रोटॉनचे तक्ते रिजिडिटीत असतात, पॉझिट्रॉनचे ऊर्जेत. १० च्या वर फरक नगण्य, २ ला नाही. ऊर्जेच्या मापात दोन टक्के चूक असेल तर प्रवाहात चारेक टक्के सरकतात, घनाने गुणलेला आलेख ती चूक लपवत नाही.

गणितवेडा

छेदाचा घातांक १.२३ × ऊर्जा असाच घेतलाय. तरी पडतोय.

झेनॉनकाकू

अहो, १.२३ प्रति टीईव्ही आहे, प्रति जीईव्ही नव्हे. १ ÷ ८१०, म्हणजे ०.००१२३ घाला.

गणितवेडा

आला. ६० ला १४.५.